टॉवरच्या मागची तार

(मंडळाच्या सर्वसाधारण सभेत नागरी प्रश्न समितीच्या वतीने झालेले भाषण. सभेस येऊ न शकलेल्या सभासदांच्या मागणीवरून येथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे, ‘मंडळाच्या मागील आवारातून फायबर केबल नेण्यास परवानगी देणे’. वाचून अनेकांना वाटले असेल, हा काय सभेपुढे आणण्याचा विषय? सचिवांनी सही करावी किंवा करू नये. २०२३ साली आम्हालाही असेच वाटले होते. तेव्हा एका मोबाईल कंपनीचा अर्ज आला होता. आपल्या मागच्या इमारतीच्या गच्चीवर जो टॉवर आहे, त्याला रस्त्यापासून जमिनीखालून पाईप टाकून फायबर द्यायची होती, आणि सर्वांत जवळची वाट आपल्या मागच्या आवारातून जात होती. आम्ही कार्यकारिणीत पाच मिनिटांत नकार दिला. मागे जुना आड आहे, तुळशीवृंदावन आहे, खोदाईची धूळ वाचनालयात येईल, आणि अर्ज घेऊन आलेला माणूस साध्या प्रश्नाचे धड उत्तर देत नव्हता, ही आमची कारणे. त्यावेळी ती पुरेशी वाटली.

कंपनीने मग काय केले? केबल विजेच्या खांबांवरून नेली. आपल्या गल्लीत खांबांवर आधीच केबलींची जाळी लोंबत होती, त्यात आणखी एक. आम्ही ते पाहिले, आणि ‘आपल्या आवारातून तर नाही ना गेली’ एवढ्यावर समाधान मानले.

पुढचे आपण सर्वांनी भोगले आहे. १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री रामंतापूर भागात गोकुळाष्टमीच्या मिरवणुकीत रथाला वीजप्रवाह लागून पाच जण गेले. त्याच आठवड्यात बंडलागुड्याला गणपतीची मूर्ती नेताना आणखी दोन तरुण गेले. शहर हादरले. वीज कंपनीने खांबांवरच्या केबली सरसकट उतरवायला, कापायला सुरुवात केली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथेही विनापरवाना केबलींबद्दल कडक शब्द ऐकायला मिळाले. माणसे मेल्यावर कोण म्हणेल की तारा राहू द्या? आम्हीही म्हणणार नाही.

पण त्या दिवसांत आपल्या गल्लीतली केबल कापली गेली, आणि तिसऱ्या रात्री आपल्या एका सभासदांच्या छातीत दुखू लागले. वय ७८. मुलगा पुण्याला. काकूंनी १०८ लावला. मोबाईलवर रेंजच्या दांड्या पूर्ण भरलेल्या, पण फोन लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मुलालाही लागेना. घरातला जुना लँडलाईन मुलानेच ‘आता कशाला हवा’ म्हणून परत केलेला. शेवटी काकू अनवाणी जिना उतरून समोरच्या घराचे दार ठोठावायला गेल्या. त्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचे कार्ड होते, त्यावरून फोन लागला. ते सद्गृहस्थ आज या सभेत पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून ही गोष्ट आम्हाला मोकळेपणी सांगता येते आहे. काकूंनी आम्हाला नंतर एकच प्रश्न विचारला, ‘रेंज होती, मग फोन का लागला नाही?’ समितीत कोणाकडेच याचे उत्तर नव्हते. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले आपले एक सभासद आहेत, त्यांच्याकडे चार संध्याकाळी बसून आम्ही ते समजून घेतले. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

मोबाईलला आपण बिनतारी म्हणतो. बिनतारी आहे तो फक्त आपल्या हातापासून टॉवरपर्यंतचा तुकडा, आपल्या गल्लीत म्हणाल तर दोन-तीनशे मीटर. टॉवरपासून पुढे कंपनीच्या मुख्य केंद्रापर्यंत आपला आवाज, आपला व्हिडिओ, आपला बँकेचा ओटीपी दुसऱ्या वाटेने जातो. त्या वाटेला या धंद्यातले लोक ‘बॅकहॉल’ म्हणतात. आपण तिला टॉवरची मागची वाट म्हणू. मोबाईलवरच्या दांड्या आपल्याला पहिल्या तुकड्याची हकीकत सांगतात. मागच्या वाटेबद्दल त्या काहीही सांगत नाहीत. मागची वाट पूर्ण तुटली तर पुष्कळदा टॉवर स्वतःहून बोलणे थांबवतो, रेंज जाते, आणि मोबाईल दुसरा टॉवर शोधतो. ते एकवेळ बरे. पण वाट अर्धवट उरली, किंवा शेजारच्या बंद पडलेल्या टॉवरची गर्दी तिच्यावर येऊन पडली, तर दांड्या भरलेल्या दिसतात आणि फोन लागत नाही. काकूंच्या बाबतीत असेच काहीतरी झाले असावे, असे आमच्या अभियंता सभासदांचे मत आहे.

ही मागची वाट पूर्वी कशी होती, तेही पाहा. आपल्यातल्या ज्येष्ठांना नांदेड-परभणीला ट्रंककॉल लावून तासन्‌तास बसण्याचे दिवस आठवत असतील. त्यानंतर बडी चावडीला एसटीडी बूथांसमोर रात्री दर कमी झाल्यावर लागणाऱ्या रांगा. मग मोबाईल आला. सुरुवातीच्या काळात एका टॉवरला ई-वन नावाची दोन मेगाबिटची एक-दोन जोडण्या पुरत. एका ई-वनमधून साध्या टेलिफोनची तीस संभाषणे एकाच वेळी जातात. मोबाईलचा आवाज आकसून पाठवतात म्हणून त्याहून जास्त माणसे मावत. ही जोडणी बहुतेक हवेतूनच असे. टॉवरवर उभ्या लांबट पेट्या दिसतात ना, त्या आपल्या मोबाईलशी बोलतात. आणि जे पांढऱ्या ढोलकीसारखे गोल दिसते, ते दुसऱ्या टॉवरवरच्या तशाच ढोलकीकडे तोंड करून बसलेले असते. ती मायक्रोवेव्हची जोडणी. मध्ये नवी इमारत उभी राहिली की ती आंधळी होते. आपल्याकडे नारायणगुड्याच्या बाजूला इमारती जसजशा चढल्या, तसतशा या ढोलक्याही वर वर सरकवाव्या लागल्या.

बोलण्यापुरते हे ठीक होते. ५ सप्टेंबर २०१६ पासून जिओ आले, फोरजी स्वस्त झाले, आणि लोक फोनवर बोलण्याऐवजी पाहू लागले. आमच्याही घरी नातवंडे जेवताना समोर मोबाईल लागतो, यात आम्ही कोणाला नावे ठेवत नाही. मग फाईव्हजी. आपले हैदराबाद यात मागे नव्हते, उलट सर्वांत पुढे होते. २८ जानेवारी २०२१ रोजी एअरटेलने चालू जाळ्यावर फाईव्हजीचे प्रात्यक्षिक दाखवल्याचे जाहीर केले, ते याच शहरात. २६ जुलै ते १ ऑगस्ट २०२२ या काळात लहरींचा लिलाव झाला, सरकारला दीड लाख कोटी रुपयांहून अधिकची बोली मिळाली. १ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत उद्‌घाटन झाले आणि त्याच दिवशी एअरटेलने ज्या आठ शहरांत सेवा सुरू केली त्यांत मुंबई, नागपूर यांच्याबरोबर हैदराबाद होते. १० नोव्हेंबरला जिओही इथे आले. देशभर इतक्या वेगाने फाईव्हजीची यंत्रे बसली की २०२५ च्या सुरुवातीस त्यांची संख्या साडेचार लाखांच्या पुढे गेली होती.

आता गंमत अशी आहे, गंमत म्हणायची की काय ते आपण ठरवा, की टॉवरवर नवे यंत्र चढवायला एक-दोन दिवस लागतात. चार माणसे, एक दोरखंड, एक टेम्पो. आणि टॉवरच्या मागे फायबर न्यायची तर रस्ता खोदावा लागतो. त्याला महापालिकेची परवानगी, वाहतूक पोलिसांची परवानगी, पाण्याची लाईन कुठे, ड्रेनेज कुठे, आणि वर खाली काळा दगड. हैदराबाद ग्रॅनाइटवर बसले आहे, अडीचशे कोटी वर्षे जुन्या. बंजारा हिल्सच्या दगडांचे फोटो काढायला लोक येतात, पण हाच दगड आपल्या गल्लीच्या पोटातही आहे. पहारीने फुटत नाही, ब्रेकर लावावा लागतो. एका यंत्राला दोन दिवस आणि त्याच्यामागच्या चराला सहा महिने, असा हिशेब असल्यावर कोणते काम आधी होणार? जाहिरात यंत्राची करता येते. चराची जाहिरात कोण करतो?

फाईव्हजीचा एक टॉवर तीन दिशांना तोंड करून असतो. प्रत्येक दिशेला ऐन भरात एक गिगाबिटहून जास्त माल वाहू शकतो. म्हणून त्याच्या मागे दहा गिगाबिटची जोडणी धरतात. ई-वनच्या दोन मेगाबिटशी तुलना केली तर पाच हजारपट. उस्मानसागरच्या पाण्याचे उदाहरण घ्या. घरात चार नवे चकचकीत नळ बसवले आणि गल्लीतली पाईप अर्ध्या इंचाचीच ठेवली तर सकाळी सहाला काय होते, ते सुलतान बाजारात राहिलेल्यांना सांगायला नको.

इतका माल नेण्याचे हवेतून दोन मार्ग आहेत. एक तो जुना मायक्रोवेव्ह, त्यासाठी २०२२ साली सरकारने लहरी दुप्पट करून दिल्या. दुसरा ई-बँड, ७१ ते ७६ आणि ८१ ते ८६ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातला. त्यातल्या २५० मेगाहर्ट्झच्या दोन-दोन वाहिन्या लिलावाबरोबर कंपन्यांना तात्पुरत्या देण्याचे सरकारने ठरवले. ई-बँडच्या छोट्या ढोलकीतून काही गिगाबिट जातात, खोदाई लागत नाही, एका दिवसात बसते. पण पल्ला एक-दोन किलोमीटर, आणि जोराचा पाऊस आला की ती लहर थेंबांतच जिरते. आपल्या शहरात जून ते ऑक्टोबर तासाभरात रस्त्याची नदी होते. म्हणजे नेमके ज्यावेळी काकूंना फोन लागला पाहिजे, त्यावेळी या ढोलकीचा दम कमी झालेला असतो. तात्पुरती सोय म्हणून ती चांगलीच आहे. त्यावर कायमचे विसंबावे असे आमच्या सभासदांना वाटत नाही, आणि आम्हालाही पटले.

आणखी एक बारीक गोष्ट त्यांनी सांगितली, ती आम्हाला फार रंजक वाटली. फाईव्हजीचे शेजारी टॉवर एकाच लहरीवर आळीपाळीने बोलतात आणि ऐकतात. सगळ्यांनी एकाच क्षणी बोलायचे, एकाच क्षणी ऐकायचे. भजनात टाळ चुकला तर सगळे बिघडते, तसे. यांच्या घड्याळांत दीड मायक्रोसेकंदाहून जास्त फरक चालत नाही, आणि मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. हे घड्याळ उपग्रहावरून घेतात किंवा याच मागच्या वाटेने आणतात. म्हणजे मागची वाट नुसती रुंद असून भागत नाही, ती वक्तशीरही लागते.

शेवटी फायबरच लागते, हे सरकारलाही ठाऊक आहे. १७ डिसेंबर २०१९ ला राष्ट्रीय ब्रॉडबँड मोहीम सुरू झाली, तेव्हा देशातले सुमारे ३० टक्केच टॉवर फायबरने जोडलेले होते. २०२४ पर्यंत ते ७० टक्क्यांवर न्यायचे, असे ध्येय होते. ते काही गाठले गेले नाही. १७ जानेवारी २०२५ ला मोहिमेचा दुसरा टप्पा जाहीर झाला, आणि तो जाहीर करणारे दूरसंचारमंत्री होते ग्वाल्हेरचे ज्योतिरादित्य शिंदे. आपले माणूस म्हणून आपल्याला कौतुक आहेच, पण त्यांच्या खात्याचे काम आपल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबते. पुढचा रस्ता महापालिकेचा, खांब वीज कंपनीचे आणि आवार आपले.

नियमांचे म्हणाल तर ते कंपन्यांच्या सोयीचे होत गेले आहेत, आणि यात सगळेच वाईट आहे असे नाही. २०१६ च्या नियमांत महापालिकेने ६० दिवसांत उत्तर दिले नाही तर परवानगी मिळाली असे धरायचे ठरले, आणि अर्जाचा खर्च म्हणून किलोमीटरला एक हजार रुपयांहून जास्त घेऊ नये असेही. २०२२ च्या दुरुस्तीत शहरातल्या दिव्याच्या खांबावर छोटे यंत्र बसवण्यासाठी वर्षाला ३०० रुपये आले. २०२३ चा दूरसंचार कायदा आला, आणि त्याखालचे वाटेच्या हक्काचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. पण कागदावर परवानगी सोपी झाली म्हणून दगड मऊ होत नाही, आणि खोदणारे एकमेकांना विचारत नाहीत ते नाहीतच. देशात दरवर्षी सुमारे दहा लाख वेळा केबल तुटते आणि तीन हजार कोटींचे नुकसान होते, असा सरकारचाच आकडा आहे. त्यासाठी २२ मार्च २०२३ ला ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप काढले. खोदण्याआधी त्यात नोंद करायची, म्हणजे खाली कोणाची तार आहे त्याला कळते. आपल्या गल्लीत पाण्याच्या लाईनसाठी जेसीबी आला तेव्हा आम्ही चालकाला या ॲपबद्दल विचारले. तो हसला आणि म्हणाला, ‘साब, मालिक को पूछो.’ मालक काही आम्हाला भेटला नाही.

केबल तुटली की काय होते, तेही आम्ही एकदा उभे राहून पाहिले. आधी एका टोकाने यंत्रातून प्रकाश सोडून किती मीटरवर तुटली ते काढतात. मग तिथे खड्डा. मग केसासारखे बारीक धागे, २४ किंवा ४८ किंवा ९६, एकेक करून सोलून, पुसून, छोट्या पेटीत ठिणगीने वितळवून जोडायचे. पावसात हे काम करताना एक पोरगा पेटीवर छत्री धरून होता आणि स्वतः भिजत होता. चार-पाच तास गेले. अशा वेळी टॉवरला दुसरी वाट असेल तर आपल्याला काही कळतसुद्धा नाही. मुख्य केंद्रापासून निघालेली केबल एका बाजूने टॉवरला शिवून दुसऱ्या बाजूने परत जाते, तिला रिंग म्हणतात. एक बाजू तुटली तरी दुसरी चालू. आपल्या भागात मात्र एका टॉवरवरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, अशी माळ आहे. पहिला मणी तुटला की सगळी माळ खाली. आपल्या मागचा टॉवर या माळेतला पहिला मणी आहे. आम्ही २०२३ साली नकार दिला तो अशा जागी दिला, हे तेव्हा कोणी सांगितले नाही, आणि खरे तर आम्ही विचारलेही नाही.

गच्चीबावलीला, माधापूरला हा प्रश्न इतका जाणवत नाही. १९९८ साली सायबर टॉवर्स उभे राहिल्यापासून तिकडचे रस्ते मोठे, गिऱ्हाईक मोठे, कंपन्या स्वतःहून दोन-दोन वाटा टाकतात. काचीगुडा, गौलीगुडा, शालिबंडा, हुसेनी आलम या वस्त्यांत गल्ल्या अरुंद, घरे जुनी, माणसे म्हातारी आणि रिचार्ज सर्वांत स्वस्त. कंपनीच्या दृष्टीने पहा, आधी कुठे खोदाल? याचा राग येऊन उपयोग नाही. राग यायचाच असेल तर महापालिकेचा यावा, कारण रस्ता सर्वांचा आहे.

याच शहरात २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला पूर आला आणि हजारो माणसे गेली. त्यानंतर निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावले. ते अभियांत्रिकी शिकले पुण्याला, म्हणून त्यांच्यावर आपला थोडा हक्क. त्यांच्या आराखड्यातून उस्मानसागरचे धरण १९२० साली पुरे झाले, आणि शहराच्या भुयारी गटारांचे कामही त्यांच्याच सल्ल्याने झाले. शंभर वर्षांपूर्वी ज्या शहराने दगड फोडून गटारे जमिनीखाली नेली, त्या शहरात आज केबली गळफासासारख्या डोक्यावर लोंबतात, हे काही दगडाचे कारण नव्हे.

आता राजकारणाचे. २०२५ च्या त्या दुर्घटनांनंतर विजेच्या तारा जमिनीखाली नेण्याचा विषय सरकारदरबारी आला आहे. आपल्या गल्लीत तो चर कधी निघेल ते निघो. पण ज्या दिवशी निघेल, त्याच दिवशी त्यात फायबरसाठी चार रिकाम्या पाईप टाकून घ्याव्यात, योग्य अंतर राखून, एवढीच आपली मागणी असावी. पाईप रिकामी असली की पुढे कोणतीही कंपनी आली तरी रस्ता न फोडता तिच्यातून फायबर ओढता येते. ही काही आम्ही काढलेली कल्पना नाही. तेलंगणात मिशन भगीरथच्या पाण्याच्या पाईपलाईनी टाकल्या, तेव्हा त्याच चरांत टी-फायबरच्या जाळ्यासाठी डक्ट टाकले होते. खेड्यांसाठी जे सरकारने केले, ते राजधानीच्या जुन्या वस्तीसाठी का करू नये, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

विचारायचे कसे? आपली मते कोणत्याही वॉर्डात निर्णायक नाहीत, हे आम्ही दर निवडणुकीत सांगत आलो आहोत आणि दर निवडणुकीत काही मंडळी आमच्यावर रागावतात. शेजारच्या घरातले मारवाडी, समोरचे तेलुगू, कोपऱ्यावरचे मुसलमान दुकानदार, सगळ्यांचा टॉवर एकच आहे. म्हणून हा अर्ज मंडळाच्या नावाने एकट्याने न देता गल्लीच्या नावाने द्यावा, तेलुगूत आणि इंग्रजीत लिहावा, आणि मराठी प्रत फक्त आपल्या दप्तरी ठेवावी. मराठीच्या अभिमानाला यात काही कमी येत नाही. मते मागायला जो कोणी येईल, त्याला हाराबरोबर हा कागदही द्यावा.

आपल्यापैकी काहींनी आधीच लेखी हरकती दिल्या आहेत. त्या आम्ही गंभीरपणे वाचल्या. एक हरकत किरणांची आहे. टॉवरच्या किरणांबद्दल सप्टेंबर २०१२ पासून भारताने आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याएवढी मर्यादा घातली होती. २०१७ पासून ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर चार हजार रुपये भरून टॉवरची मोजणी करून घेण्याची सोयही झाली. ज्यांना शंका आहे त्यांनी ती जरूर मोजून घ्यावी, वर्गणी काढायची तर आम्ही पहिले शंभर देतो. पण आज विषय टॉवरचा नाही, फायबरचा आहे. तिच्यातून काचेच्या धाग्यात प्रकाश जातो. तिच्यातून किरणे बाहेर येत नाहीत, विजेचा धक्काही बसत नाही.

दुसरी हरकत जागेच्या हक्काची. एकदा पाईप गेली की कंपनी जागेवर हक्क सांगेल, अशी भीती आहे. जुनी घरे कोर्टकज्ज्यांत गेलेली आपण पाहिली आहेत, भीती खोटी नाही. परंतु कायद्यात स्पष्ट आहे की तार टाकणाऱ्याला जागेच्या वापरापलीकडे मालकी वगैरे काही मिळत नाही. आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. नवीन कायद्यात, सार्वजनिक हितासाठी गरज पडली तर खाजगी मालकाच्या नकारानंतरही सरकार मध्ये पडू शकते. तेव्हा अटी लिहायची संधी आपल्या हातात आहे तोवर आपणच लिहिलेल्या बऱ्या.

तिसरी हरकत इमारतीच्या वयाची. इथे आम्ही हरकत घेणाऱ्यांच्या बाजूने आहोत. गच्चीवर टॉवर किंवा छोटे यंत्रही नको. नियमाप्रमाणे त्याला संरचना अभियंत्याचा दाखला लागतो, आणि आपल्या इमारतीला असा दाखला देणारा अभियंता भेटला तर आम्हाला त्याचीच काळजी वाटेल.

म्हणून ठरावात पुढील गोष्टी घातल्या आहेत. पाईप मागच्या कुंपणाच्या कडेने जाईल, आडापासून आणि वृंदावनापासून दूर. एका पाईपऐवजी चार टाकाव्यात, तीन रिकाम्या, आणि पुढे दुसरी कंपनी आली तर तिने मंडळाशी वेगळा करार करावा. फरशी होती तशी करून द्यावी, तोवर अनामत मंडळाकडे राहील. मोजमापासह नकाशा सचिवांच्या कपाटात असावा, म्हणजे उद्या आपणच नळासाठी खोदले तर आपलीच केबल आपण तोडणार नाही. वार्षिक भाडे वाचनालयाच्या खात्यात जमा व्हावे. आणि टॉवरला दुसऱ्या बाजूनेही वाट देऊन रिंग पूर्ण करण्याची लेखी मुदत कंपनीने द्यावी. ती पाळली नाही तर भाडे दुप्पट. या शेवटच्या अटीवर कंपनीचे लोक कुरकुरले, पण नाही म्हणाले नाहीत.

काकू आज आल्या आहेत. काका घरी आहेत, तब्येत बरी आहे, आणि त्यांनी लँडलाईनसाठी पुन्हा अर्ज केला आहे, असे कळले. मागच्या टेबलावर गल्लीच्या अर्जाच्या प्रती ठेवल्या आहेत. त्यावर नाव, घर क्रमांक आणि सही करावी, फोन नंबर दोन कंपन्यांचे असतील तर दोन्ही लिहावेत. ठराव आता सचिव वाचून दाखवतील.